दुसऱ्या रांगेतली ताई

ताई टीव्हीत पहिल्यांदा दिसली ती जेमतेम दोन सेकंद. दिवाळी नुकतीच उरकली होती. डब्यात चिवड्याचा चुरा तेवढा उरला होता आणि मी तो बोटांनी टिपत गाण्याच्या स्पर्धेचा एक नवा कार्यक्रम बघत बसले होते. एका मुलानं वरचा सूर लावला, कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला, आणि दुसऱ्या रांगेत, कडेपासून चौथ्या खुर्चीवर, माझी सख्खी बहीण टाळ्या वाजवत होती. मी ओरडले नाही. आधी बाबांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे पाठ करून जेवत होते. मग आईकडे पाहिलं. तिची भाकरी परातीत अर्धी थापलेली तशीच राहिली होती. तिनंही पाहिलं होतं.

रात्री भांडी घासताना तिनं मला एवढंच विचारलं, "तीच ना?" मी मान हलवली. "केस कापलेत," ती म्हणाली. दोन सेकंदांत तिनं केससुद्धा बघून घेतले होते.

ताईला घर सोडून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आमचं गाव पनवेलच्या खाडीकडचं. मिठागरं आणि भाताची जमीन सरकारनं केव्हाच घेतलेली, बाबा न्हावा शेव्याहून कंटेनर वाहणारा ट्रेलर चालवायचे. ताईचं लग्न जातीत, शेजारच्या गावात ठरलं होतं, साखरपुडाही झाला होता. हळदीला तीन आठवडे उरले असताना तिनं बाबांच्या समोर उभं राहून सांगितलं की तिला ऑफिसला जाताना लोकलमध्ये रोज भेटणारा एक मुलगा आवडतो. तो दुसऱ्या जातीचा. पोटापाण्याला मुंबईत शूटिंगच्या ठिकाणी लाइट लावायचं काम करायचा. बाबांनी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. "जातेस तर जा," म्हणाले, "पन मंग फोन नाय, चिठी नाय, दारात पाय नाय." ताई तेवढीच हट्टी. ती गेली, आणि तिनं फोन केला नाही, चिठ्ठी धाडली नाही, दारात पाय ठेवला नाही. बापलेकीचा स्वभाव एकाच मातीचा, भांडायला तरी दोघांनी कुठं जायचं.

यात आईचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात मांडवात बसून धवले गाणाऱ्या बायका असतात, नवरीला हळद लावण्यापासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी त्यांना तोंडपाठ असतात. पाच गावांतून आईला बोलावणी यायची. ताई गेली आणि बोलावणी थांबली. जिची पोर अशी गेली तिनं दुसऱ्याच्या पोरीला पाठवणीचं गाणं म्हणू नये, असं लोकांना वाटलं असावं. कुणी तोंडावर बोललं नाही, बोलावलं नाही इतकंच. आई घरातही गाईनाशी झाली.

तर असं सगळं असताना ती टीव्हीत दिसली.

मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. कॉलेजच्या कट्ट्यावर आम्ही असल्या कार्यक्रमांची टर उडवायचो. परीक्षकांची भांडणं आधी लिहून दिलेली असतात, कोण जिंकणार ते पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं, रडणारीच्या डोळ्यांत काहीतरी घालतात, हे सगळं मला माहीत होतं, आणि जे माहीत आहे ते घरी येऊन सांगायची मला खोड होती. शेजारची काकू संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला यायची, तिला मी हे सगळं ऐकवायचे. ती बिचारी, परीक्षक एखाद्या मुलीला ओरडला की पदर डोळ्यांना लावायची.

"ता सगला खोटा असतंय, काकू," मी म्हणायचे.

एकदा आईनं मला थांबवलं. "भांडान खोटा असंल," ती म्हणाली, "पन बसलेली मान्सा खरी हायेत ना?"

 बसलेली माणसं खरीच होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो कार्यक्रम उलटा बघितला जाऊ लागला. सगळा महाराष्ट्र गाणाऱ्याकडे बघत असेल, आई गाणाऱ्याच्या पाठीमागं बघायची. टीव्हीपासून दोन हातांवर पाट घेऊन बसायची. आठवड्यात दोन दिवस रात्री नऊला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तोच भाग परत. दुपारचाही ती सोडायची नाही. काकू म्हणायची, "अगं, कालचाच असतंय तो, येगला काय दिसनार?" आई म्हणायची, "असू दे. एखादे येली सुटलेला दिसतंय." आणि खरंच, रात्री सुटलेलं तिला दुपारी दिसायचं. ताईच्या गळ्यात मंगळसूत्र साधं आहे, काळ्या मण्यांचं. कानातले आपल्याकडचेच आहेत, जाताना घातलेले. हसली तेव्हा डाव्या बाजूचा दात दिसला नाही, पडला की काय. शेजारी बसलेल्या बाईशी बोलते, म्हणजे एकटी नाही. अशा तुकड्यांतून आईनं मुंबईतला तिचा अख्खा संसार मांडला. मी हसायचे, आणि हसता हसता मीही पाट पुढे सरकवायचे.

नवऱ्याच्या ओळखीनं ताईला तिथं प्रेक्षकांत बसायचं काम मिळालं असणार, हे आम्ही ओळखलं. टाळ्या वाजवायला माणसं लागतात, ती अशीच कुठूनकुठून आणून बसवतात. तिची खुर्ची ठरलेली होती, दुसरी रांग, कडेपासून चौथी. तिच्या बरोब्बर पुढे, पहिल्या रांगेत, घाटावरच्या एका स्पर्धक मुलाचे आईवडील बसायचे. त्यामुळे तो मुलगा गायला लागला की कॅमेरा त्याच्या आईवडिलांवर जायचा, आणि त्यांच्या खांद्यांच्या मधून आमची ताई दिसायची. दुसरं कुणी गायलं तर दिसायची नाही.

झालं. आई त्या मुलाच्या बाजूची झाली. तो गाताना घाबरायचा, वरच्या सुराला डोळे मिटून घ्यायचा, श्वास मध्येच तोडायचा. आईला गाण्यातलं कळत होतं, हे सगळं तिला ऐकू येत होतं. पण त्याचे गुण जाहीर व्हायची वेळ आली की तिचे हात जोडलेले असायचे. तो हरला असता तर त्याचे आईवडील घरी गेले असते, कॅमेऱ्याला त्या कोपऱ्यात काही काम उरलं नसतं, आणि आमची पोरगी पुन्हा दिसेनाशी झाली असती. निकाल परीक्षकांच्या हातात होता, एसएमएस करून वाचवायची सोय नव्हती, नाहीतर आईनं आळीतले सगळे मोबाइल गोळा केले असते. तिनं गावदेवीला नारळ बोलला. घाटावरच्या एका अनोळखी पोरासाठी.

काकूला हे पटेना. स्पर्धेत उरणकडची एक मुलगी होती, आपल्या आगराची, अस्सल कसदार गळ्याची. सगळी आळी तिच्यासाठी जीव टाकत होती. एका दुपारी काकू वैतागून म्हणाली, "आपली पोर सोरून तू त्या घाटावरच्या पोऱ्याला कवटालतेस? काय लागतंय तो तुजा?"

आई म्हणाली, "त्याची आयबाप तिच्या म्होरं बसतान."

 तिनंही ताईला पाहिलेलं होतंच, आळीतल्या सगळ्यांनी पाहिलेलं होतं, फक्त आमच्या उंबऱ्यात कुणी ते बोलत नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून काय झालं कुणास ठाऊक, काकूनं आळीभर निरोप फिरवला असणार. गुणांच्या वेळेला चार घरांतून एकदम ओरडा व्हायचा तो घाटावरच्या मुलासाठी. उरणची मुलगी डिसेंबरात बाहेर पडली. आमच्या आळीत कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या मुलीची मी आजही मनातून माफी मागते.

बाबा कार्यक्रम लागला की उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांना कळलंय की नाही, हे आम्हाला कळत नव्हतं. ते मला कळलं पळस्प्याला.

एका दुपारी त्यांचा फोन आला. गाडीच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी घरी राहिली होती, आणि ती असल्याशिवाय बंदराच्या गेटातून आत सोडत नव्हते. पळस्पे फाट्यावरच्या ढाब्यावर थांबतो, घेऊन ये, म्हणाले. मी सहा आसनी रिक्षात बसले आणि वाटेत, मला काही काम नव्हतं म्हणून, पिशवी उघडून बघितली. लायसन, परमिट, विम्याचा कागद, आणि त्यांच्या मध्ये चार घड्या घातलेलं एक सरकारी पाकीट. ताईच्या लग्नाची विवाह नोंदणी कचेरीतून आलेली नोटीस. ती आली त्या दिवशी बाबा ती हातात घेऊन बाहेर निघून गेले होते, फाडली असणार असंच आम्ही धरून चाललो होतो. मुलाचा मुंबईचा पत्ता ज्या ओळीत होता, तिथं कागद हाताळून मऊ झाला होता.

ढाब्यावर पोचले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. बाकावर ड्रायव्हर लोक जेवत होते. बाबा उभे होते, भिंतीवरच्या टीव्हीखाली, हातात ताट, बोटांना भात लागलेला. तोच कार्यक्रम चालू होता. गल्ल्यावरच्या माणसानं मॅच लावायला रिमोट उचलला, तर बाबा इतक्या मऊ आवाजात बोलले की मला तो आवाज ओळखू आला नाही. "भाऊ, दोन मिंटा थांब. ह्या पोऱ्याचा गाना होऊ दे."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. घाटावरचा मुलगा गायला लागला की ती दिसते, हे त्यांनीही शोधून काढलं होतं, एकट्यानं, ढाब्यावर उभं राहून.

ती दिसली. गेली. बाबांनी वळून पाहिलं तर मी. पिशवी त्यांच्या हातात दिली. ती काखेत मारून ते म्हणाले, "तुज्या आयला सांगू नको." आणि मी निघाले तशी मागून विचारलं, "सुकल्यासारी दिसतंय काय गं ती?"

दीड वर्षात ते तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलत होते. मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी शहाणी म्हणाले, "टीव्हीत माणूस आहे त्यापेक्षा जाड दिसतं, बाबा." त्यांचा चेहरा उतरला, आणि मी काय बोलून बसले ते मला रिक्षात बसल्यावर समजलं.

मग संक्रांतीच्या आधी तो भाग आला.

त्या रात्री घाटावरचा मुलगा खरोखरच चांगला गायला. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. ताई सगळ्यांच्या नंतर उठली. एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकला, दुसरा कमरेवर ठेवला, आणि मग उठली. अंगावर हिरवी साडी होती. दोन्ही हातांत हिरवा चुडा, निम्म्या हातापर्यंत भरलेला. ती हात खूप वर करून टाळ्या वाजवत होती.

आई उठली, आधी जाऊन गॅस बंद केला. "पोटुशी हाय," ती म्हणाली.

"अगं, साड्या कार्यक्रमवाले देतात," मी म्हटलं. "मागचा रंग जुळवायला."

"साडी देतील. उटायला कोन शिकवतंय असा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूला खास बोलावून घेतलं. दोघींनी मिळून तो तुकडा असा पाहिला जसे डॉक्टर फोटो बघतात. आमच्याकडे पाचव्या महिन्यात पोटुशीला चोरचोळी करतात, म्हणजे फार गवगवा न करता हिरवी साडी नेसवून हिरव्या बांगड्या भरतात. सातव्यात ओटी भरून माहेरी आणतात. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात घरातल्या भांडणाला जागा नसते. काकूनं निकाल दिला, "पाचवा सरत आलाय." आईनं बोटांवर मोजलं. फेब्रुवारीच्या अखेरीला सातवा.

त्याच दुपारी मला आणखी एक गोष्ट दिसली. ताईच्या शेजारणीच्या खुर्चीला एक छत्री अडकवलेली होती. जानेवारीत छत्री कशाला, असं माझ्या मनात आलं आणि गेलं. मी बोलले नाही. आई आणि काकू इतक्या आनंदात होत्या, आणि छत्रीचं काय एवढं. परीक्षकांचं भांडण खोटं असतं हे सगळ्या गावाला समजावणाऱ्या मला, दिवसही खोटा असू शकतो हे सुचलं नाही. याबद्दल मला स्वतःचा अजून राग येतो.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. आईनं भात वाढला आणि समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "पाचवा सरत आलाय तिचा." बाबांनी भात संपवला, हात धुतला, ओट्यावर जाऊन बसले.  काही झालं नाही. आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "तुज्या बापानं आनू दिली नाय तर ती परक्या बाईच्या हाती बालंत व्हनार," म्हणाली.

रविवारी सकाळी मी उठले तर बाबा अंगणात होते. माळ्यावरची जुनी बाज त्यांनी खाली काढली होती. याच बाजेवर आईच्या दोन्ही बाळंतपणांच्या शेक-शेगडी झाल्या होत्या. सुंभ उंदरांनी कुरतडलेलं. बाबांनी ते सगळं कापून काढलं, पनवेलच्या बाजारातून नवं सुंभ आणलं, आणि पाय रोवून बाज विणायला बसले. दोन रविवार लागले त्यांना. आम्हाला त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आई आत सुकट निवडत होती. मधेच ती गुणगुणायला लागली, धवल्याची चाल होती. बाबांचे हात थांबले, मग परत चालू झाले. त्या दुपारइतकी सुखी मी त्या घरात कधी नव्हते.

फेब्रुवारी संपता संपता आम्ही निघालो. बाबांनी ओळखीच्याची जीप आणली, पांढरा शर्ट घातला. आईच्या पिशवीत हिरवी साडी, चुडा, नारळ, तांदूळ, करंज्या, मोरावळा, आणि ताईला लहानपणापासून आवडणारे सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी. पत्ता कुठून मिळाला ते आईनं विचारलं नाही. उपनगरातल्या डोंगराच्या उतारावरची वस्ती होती, जीप खाली लावून वर चढायचं. आई वाटेत म्हणत होती, "तिनी नाय म्हटला तरी मी ऐकनार नाय. सातव्यात पोरीला नाय सोरीत कोनी."

दाराला पडदा होता. बाबांनी कडी वाजवली. पडदा सरकवून ताई बाहेर आली. अंगात गाऊन, कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल, आणि ढाब्यावर बाबांना वाटलं होतं त्याहून सुकलेली. आईची नजर सरळ तिच्या पोटावर गेली. पोट नव्हतं.

आईनं पिशवी छातीशी धरली. बाबा वळले आणि खालच्या नाल्याकडे बघत उभे राहिले. ताई आमच्याकडे बघत होती, एकेकाकडे. आईला जे वाटलं तेच मला वाटलं, आणि ते मला आजही लिहवत नाही.

तेवढ्यात आतून बारीक रडण्याचा आवाज आला. "उठली वाटतं," ताई म्हणाली आणि आत गेली.

मुलगी होती. दीड महिन्याची.

"दीड म्हयना?" आई खाली बसली. "आमी तुला बगली तवा पाचवा होता. ह्या संक्रांतीला बगली."

ताईला आधी उमगलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं. "आई, ते पावसातलं गं," ती म्हणाली. मुंबईत राहून तिची बोली बदलली होती. "सगळं तेव्हाच उरकून ठेवलं होतं त्यांनी. दिवसाला तीन-तीन भाग. साड्या बदलून बसायचं, की झाला वेगळा दिवस. नवरात्राआधी संपलंसुद्धा. मला तरी कुठं माहीत होतं? मला वाटलं, आज बसलं की पुढच्या आठवड्यात दिसतं. म्हणून मुद्दाम चुडा भरून गेले. हात वर करून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आई बघेल. बरोबर ओळखेल."

मला ती छत्री आठवली.

"बाबांनी फोन करू नको सांगितलं होतं," ती म्हणाली. "दिसू नको असं नव्हतं सांगितलं."

बाबा अजून दारातच होते, पाठ करून.

"मग कळलं, दिवाळीनंतर लागणार. तेव्हापासून दर आठवड्याला बघत बसायचे, तो भाग आज लागेल, उद्या लागेल. लागला त्या रात्री मी दवाखान्यात होते. ही झाली त्याच रात्री." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. शेजारच्या मावशींनी बाळाला बारा दिवस न्हाऊ घातलं, पाणी तिनं स्वतः तापवलं, शेक घ्यायचा राहून गेला, असं सगळं ती साध्या आवाजात सांगत गेली. आई ऐकत होती आणि पिशवीतल्या हिरव्या साडीवरून हात फिरवत होती. सातव्याची ओटी आता कशाची भरायची? शेवटी तिनं ती साडी उलगडली आणि त्यात बाळाला गुंडाळून घेतलं. बाबांना बाळ दाखवायला तिनं त्यांच्यासमोर धरलं, तेव्हा ते एकच वाक्य बोलले. "बाज विनून ठेवली हाय," म्हणाले. ताई तेव्हा रडली. तोवर रडली नव्हती.

लसीचा डोस झाला की येते, असं ती म्हणाली आणि आठ दिवसांनी खरंच आली. दाजी तिला सोडून कामावर परत गेले. जाताना बाबांनी त्यांच्या हातात सोड्यांचा पुडा दिला. ताई त्या नव्या बाजेवर निजायची, आई दोघींना शेक द्यायची, काकू दिवसातून चारदा डोकावायची. घर भरून गेलं होतं. आता टीव्हीची गरज उरली नाही असं मला वाटलं होतं.

पण कार्यक्रम संपलेला नव्हता. तिकडे अजून पावसाळाच चालू होता आणि दुसऱ्या रांगेत ताई अजून पोटुशी होती. शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी आई आपल्या पाटावर जाऊन बसली. बाबाही आत आले, ओट्यावर गेले नाहीत. ताई आईच्या अगदी शेजारी, बाळाला मांडीवर घेऊन. घाटावरचा मुलगा शेवटच्या तिघांत होता. तो गायला. कॅमेरा त्याच्या आईवडिलांवर गेला. त्यांच्या मागं ताई होती, सहावा महिना सरत आलेला, चेहरा भरलेला, पदर पोटावरून ओढून घेतलेला. आजूबाजूचे सगळे उभे राहिले. तिनं पुढच्या खुर्चीला हात टेकला.

"हलू," आई म्हणाली. ती टीव्हीच्या इतकी जवळ सरकली होती की तिचा चेहरा त्या उजेडात निळा दिसत होता. "हलू ऊट बाय. कोनाला तरी हाक मार."

ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मी इथं आहे."

आईनं मान वळवली नाही. "तू हाईस गं," ती म्हणाली. "तिच्यापाशी कोन नाय."